पुणे जिल्ह्याहून लहान देशाची मोठी साठवण

आखाती देशांत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाची लेबनॉनशी पहिली ओळख बहुधा जेवणाच्या टेबलावर होते. हम्मुस, तब्बूले, फलाफल ही नावे आपल्या जिभेवर इतकी रुळली आहेत, की पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की पहिल्या दोन-तीन दिवसांत एक संध्याकाळ ‘लेबनीज’साठी राखून ठेवलेलीच असते. दुसरी ओळख कचेरीत होते. जाहिरात, वास्तुरचना, बँका, प्रसारमाध्यमे, रुग्णालये, कुठेही जा, नीटनेटका पोशाख केलेला आणि ‘हाय, कीफक, सा वा?’ असे एका दमात तीन भाषांत विचारणारा सहकारी भेटतोच. इंग्रजी, अरबी आणि फ्रेंच यांची ही सरमिसळ ऐकून आपण हसतो, चार घास एकत्र खातो आणि ओळख तिथेच थांबते. वर्षानुवर्षे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या देशाविषयी आपल्याला युद्धाच्या बातम्यांपलीकडे फारसे काही ठाऊक नसते. हा लेख त्या पलीकडच्या लेबनॉनविषयी आहे.

देश अगदी लहान आहे. क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर. एकट्या पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ पंधरा हजारांहून अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल. तरीही ‘१०,४५२’ ही संख्या लेबनीज माणूस घोषणेसारखी उच्चारतो. तिच्यातला एक चौरस किलोमीटरही कमी होता कामा नये, असा तिचा भावार्थ. पश्चिमेला भूमध्य समुद्राची चिंचोळी किनारपट्टी, तिच्या पाठीशी तीन हजार मीटरपर्यंत उंचावलेला पर्वत, त्यापलीकडे बेका खोऱ्याची सुपीक जमीन आणि मग सीरियाच्या सीमेवरची दुसरी डोंगररांग. पर्वतावर हिवाळ्यात बर्फ साचते आणि त्यावरूनच देशाला नाव मिळाले, असे मानतात. ‘ल-ब-न’ या सेमिटिक धातूचा अर्थ शुभ्र. आपण इथल्या दुकानांतून ताकाची जी ‘लबन’ नावाची बाटली घरी आणतो, तिचे नाव आणि त्या देशाचे नाव एकाच मुळातून आलेले आहे.

या किनाऱ्यावरची जबेल, सैदा आणि सूर ही आजची गावे म्हणजे प्राचीन बिब्लोस, सिडॉन आणि टायर. येथील फिनिशियन व्यापाऱ्यांनी देवदाराचे लाकूड, जांभळा रंग आणि काच भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने विकली. त्यांची सर्वांत टिकाऊ निर्यात मात्र बावीस व्यंजनांची वर्णमाला होती. १९२३ साली बिब्लोस येथील उत्खननात अहिराम नावाच्या राजाची दगडी शवपेटी सापडली. तिच्यावर कोरलेला मजकूर फिनिशियन लिपीतील सर्वांत जुन्या मोठ्या लेखांपैकी एक आहे आणि त्यात पेटी उघडणाऱ्याला शाप दिला आहे. या लिपीत ग्रीकांनी स्वरांची भर घातली आणि पुढे तिच्यातून युरोपातील लिप्या झाल्या. पूर्वेकडे तिच्यातून अरामी लिपी निघाली. आपली ब्राह्मी अरामीवरून घडली, असे अनेक लिपितज्ज्ञ मानतात. सर्वांना ते मान्य नाही आणि वाद जुना आहे. पण ते मत ग्राह्य धरले, तर हा मजकूर ज्या अक्षरांत आपण वाचत आहात, त्यांची एक दूरची पणजी त्या किनाऱ्यावरची ठरते.

अहिरामाची शवपेटी आज बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती तिथे शिल्लक कशी राहिली, ही गोष्ट मला लेबनॉनच्या सगळ्या इतिहासाहून अधिक बोलकी वाटते. १९७५ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे झाले. संग्रहालय नेमके त्या दोहोंमधल्या सीमारेषेवर आले. त्याच्यासमोरचा रस्ता म्हणजे या बाजूहून त्या बाजूला जाण्याची एक चौकी होती. सशस्त्र टोळ्या इमारतीत मुक्काम ठोकत, भिंतींना भोके पाडून नेम धरत. येशूला मेंढपाळाच्या रूपात दाखवणाऱ्या एका प्राचीन मोझेकमध्ये असेच एक बंदुकीसाठी पाडलेले भोक आहे. संग्रहालयाचे प्रमुख मॉरिस शेहाब आणि त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी लढाई थांबेल त्या त्या अवधीत काम केले. लहान वस्तू तळघरात ठेवून तिथे भिंती चढवल्या. जमिनीवरची मोझेक झाकून त्यांवर काँक्रीट ओतले. ज्या शवपेट्या आणि पुतळे हलवता येण्याजोगे नव्हते, त्यांच्याभोवती लाकडी साचे उभारून तेही काँक्रीटने भरून टाकले. बाहेरून पाहणाऱ्याला दिसावेत ते केवळ ओबडधोबड ठोकळे. युद्ध पंधरा वर्षे चालले. १९९०च्या दशकात ते ठोकळे फोडण्यात आले, तेव्हा अहिराम आत सुखरूप होता. तळघराचे दालन मात्र पुन्हा लोकांसाठी पूर्णपणे उघडायला २०१६ साल उजाडले. शेहाब यांचे निधन १९९४ मध्येच झाले होते.

हे युद्ध का झाले, हे एका परिच्छेदात सांगणे धाडसाचे आहे. पण एक धागा तरी हाती यायला हवा. लेबनॉनमध्ये अठरा धर्मपंथांना अधिकृत मान्यता आहे: मॅरोनाइट, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, सुन्नी, शिया, द्रूझ आणि इतर. १९४३ साली फ्रान्सकडून स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा एक अलिखित करार झाला. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा अध्यक्ष शिया. संसदेतल्या जागांची वाटणीही पंथनिहाय. पूर्वी ख्रिस्ती आणि मुस्लिम सहास पाच, १९८९च्या ताएफ करारानंतर समसमान. या वाटणीला आधार १९३२च्या जनगणनेचा. त्यानंतर देशात अधिकृत जनगणना झालेली नाही, कारण आकडे बदलले तर वाटणी बदलावी लागेल. विवाह, घटस्फोट, वारसा यांचे कायदे ज्याच्या त्याच्या पंथाचे. नोंदणी विवाहाची सोय देशात नाही, म्हणून भिन्न पंथांची जोडपी विमानाने सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि सरकार ते लग्न बिनतक्रार नोंदवून घेते. मतदानही राहत्या शहरात नव्हे, तर वडिलोपार्जित गावी. बैरूतमध्ये जन्मलेला, वाढलेला माणूसही ‘आमचे गाव’ म्हणून डोंगरातल्या एखाद्या खेड्याचे नाव सांगतो, त्याचे एक कारण हे.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका लेबनीज सहकाऱ्याला सहज, कुतूहलाने विचारले, “तू ख्रिस्ती की मुस्लिम?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मी झाहलेचा.” पुढे तो माझ्याशी आठवडाभर जरा जपूनच बोलला. यादवी युद्धात चौक्यांवर ओळखपत्र तपासले जाई, त्यावर पंथ लिहिलेला असे आणि त्या एका शब्दापायी माणसे मारली गेली, हे मला कितीतरी नंतर कळले. त्याच्या वडिलांच्या पिढीने तो प्रश्न बंदूक हातात असलेल्यांच्या तोंडून ऐकला होता. वस्तुतः लेबनीज माणसे परस्परांचे नाव आणि गाव ऐकून पंथाचा अंदाज बांधतातच. आडनावावरून जात ताडण्यात वाकबगार असलेल्या आपल्या समाजाला याचे नवल वाटू नये. पण अंदाज बांधणे वेगळे आणि विचारणे वेगळे. गाव विचारावे, गावाच्या द्राक्षांविषयी, सफरचंदांविषयी, बर्फाविषयी विचारावे. माणूस खुलतो.

आणि जेवणाविषयी तर अवश्य विचारावे, फक्त उपाहारगृहातल्या नव्हे, घरच्या. लेबनॉनच्या डोंगराळ गावांत ‘मूने’ नावाची परंपरा आहे. तिला मराठीत नेमका शब्द आहे: बेगमी. बर्फाने रस्ते बंद होण्यापूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघरी हिवाळ्याची तजवीज चालते. अंजिराचे आणि जर्दाळूचे मुरंबे, तेलात मुरवलेली भरली वांगी, ऑलिव्ह, सुकवलेले झातर, मेंढीच्या चरबीत शिजवून राखलेले मांस. त्यांतला ‘किश्क’ आपल्याला चटकन कळण्याजोगा आहे. गव्हाचा दलिया दह्यात भिजवून काही दिवस आंबवतात, मग गच्चीवर स्वच्छ कापडावर पसरून उन्हात वाळवतात आणि हाताने चोळून त्याची पूड करतात. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या त्या कापडाभोवती बसलेल्या असतात. कुरडयांचा चीक आणि पापडाच्या लाट्या पाहिलेल्याला हे दृश्य परके वाटायचे कारण नाही. जाता जाता एक गैरसमजही दूर करावा: तब्बूले ही दलियाची कोशिंबीर नव्हे. ती पार्स्लीची कोशिंबीर आहे, दलिया तिच्यात नावापुरता. परदेशी उपाहारगृहांनी हे प्रमाण उलटे करून ठेवले आहे आणि त्यावरून लेबनीज माणूस खरोखर चिडतो. झातर लावून भाजलेली ‘मनूशे’ ही सकाळची रोटी २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल झाली.

त्याच यादीत २०१४ पासून ‘झजल’ आहे. हे बोलीभाषेतले उत्स्फूर्त गायन-काव्य. दोन कवी किंवा कवींचे दोन गट समोरासमोर बसतात, डफाच्या साथीने एक जण कडव्यातून आव्हान देतो, दुसरा त्याच चालीत, त्याच यमकात उत्तर रचतो आणि भोवतालचे लोक धृपद उचलून धरतात. आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत, त्याला झजलची एक मैफल ऐकताच, भाषा न कळताही, कोण कुणावर चढ ठरला ते कळेल.

गाण्याचा विषय निघाला की फैरुझ यायचीच. अरब जगातल्या असंख्य घरांत आणि गाड्यांत सकाळ तिच्या आवाजाने सुरू होते. असी आणि मन्सूर या रहबानी बंधूंनी तिच्यासाठी गाणी आणि संगीतिका रचल्या; बालबेकच्या रोमन मंदिरांच्या भव्य अवशेषांत १९५६ पासून भरणाऱ्या महोत्सवात ती १९५०च्या दशकातच गाऊ लागली. यादवी युद्धात ती देश सोडून गेली नाही. मात्र देशात जाहीर मैफल केली, तर कुठला तरी गट आपल्याला ‘आमची’ म्हणेल, म्हणून त्या काळात तिने लेबनॉनमध्ये गाणे टाळले. सगळे गट तिच्या ध्वनिमुद्रिका ऐकतच राहिले. २०२०च्या ऑगस्टअखेर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष बैरूतला आले, तेव्हा आधी कुठल्या राजकारण्याकडे न जाता ते तिच्या घरी गेले.

साहित्यातले सर्वपरिचित नाव खलील जिब्रानचे. बशर्री या डोंगरगावी १८८३ मध्ये जन्मलेला हा कवी लहानपणीच आईबरोबर अमेरिकेला गेला, ‘द प्रॉफेट’ त्याने इंग्रजीत लिहिले आणि १९३१ मध्ये न्यूयॉर्कला तो निवर्तला. त्याचा देह मात्र गावी परत आणण्यात आला. मराठी वाचकाला जिब्रान फार पूर्वीच भेटला, तो वि. स. खांडेकरांमुळे, त्याच्या रूपककथा त्यांनी ‘सुवर्णकण’मधून मराठीत आणल्या. आपल्याकडच्या एका पिढीने त्या वाचल्या, पण हा लेखक नेमका कुठला, हे पुष्कळांच्या ध्यानात राहिले नाही.

जिब्रानचे स्थलांतर अपवाद नव्हते. एकोणिसाव्या शतकात डोंगरातले अर्थकारण रेशमावर उभे होते. ते डळमळू लागले तशी माणसे ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका, पश्चिम आफ्रिका अशी पांगत गेली. पहिल्या महायुद्धात सागरी नाकेबंदी, धान्याची जप्ती आणि १९१५ची टोळधाड यांतून भीषण दुष्काळ पडला आणि पर्वतावरची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या दगावली, असे मानले जाते. बेगमीचे इतके वेड कुठून आले असेल, याचे एक उत्तर कदाचित इथे सापडेल. आज देशात राहणाऱ्यांहून लेबनीज वंशाची माणसे देशाबाहेर अधिक आहेत.

आपल्या शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी या लाटांतल्या अगदी अलीकडच्या लाटेबरोबर आलेला असू शकतो. २०१९च्या अखेरीस देशातल्या बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडकवून ठेवले. डॉलरमागे दीड हजार असलेली लिरा पुढे नव्वद हजारांपर्यंत घसरली. जन्मभराची पुंजी कागदावर आहे, हातात नाही, अशी अवस्था तिथल्या असंख्य निवृत्तांची झाली. ४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी सहा वाजून सात मिनिटांनी बैरूत बंदरातला २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा साठा भडकला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. २०२४च्या शरदात बालबेक आणि सूर या दोन्ही प्राचीन शहरांच्या अगदी निकट बॉम्ब पडले; बालबेकच्या मंदिरांलगतची मन्शिया ही ऑटोमनकालीन वास्तू जमीनदोस्त झाली. त्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने लेबनॉनमधील ३४ वारसास्थळांना विशेष संरक्षण जाहीर केले. ते कायद्याचे संरक्षण आहे. त्या स्थळांभोवती कुणी काँक्रीट ओतलेले नाही.

अशा दिवसांत सहकाऱ्याच्या घरी सांत्वनासाठी जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हा एक रीत ठाऊक असावी. एरवी पाहुण्याला साखरेचे प्रमाण विचारून कॉफी देणाऱ्या घरात त्या दिवशी बिनसाखरेची कडू कॉफी येते. साखर मागू नये. लहान कप असतो, दोन घोटांत संपतो. आनंदाच्या जेवणानंतर मात्र रांधणाऱ्या बाईला ‘यिस्लमू इदैकी’ म्हणावे, म्हणजे तुमचे हात सलामत राहोत. आणि कुणी ‘सहतेन’ म्हटले तर समजावे की आपल्याला एक नव्हे, दोन आरोग्ये मिळोत असे ते म्हणत आहेत.

ज्याला मी तो नको असलेला प्रश्न विचारला होता, तो झाहलेचा सहकारी आता माझा मित्र आहे. सुट्टीवर जाताना तो आईवडिलांसाठी रोख डॉलर आणि औषधांची पाकिटे नेतो. येताना त्याच्या सामानात जुन्या बरण्यांमधून झातर, वांगी आणि किश्क असते. गेल्या खेपेला त्याने किश्कची एक पुरचुंडी मला दिली आणि मी त्याला मेतकूट दिले. त्याच्या आईने ते दह्यात कालवून खाल्ले आणि फोनवर विचारले, हे तुम्ही किती दिवस उन्हात वाळवता?