कसाऱ्याचा घाट टेबलावर



दिवाळीत मुलांना किल्ला करून द्यायचा तर विटा, गोणपाट, चिखल आणि वर पेरलेले अळीव. हे आपल्या सगळ्यांच्या हातातले काम. तेवढ्या भरवशावर आमच्या गटाने एका शाळेची ऑर्डर घेतली. टेबलावर धावणारी छोटी रेल्वे आणि तिच्याभोवती कसारा ते इगतपुरीचा घाट. पहिला नमुना परत आला. "खेळण्यातला वाटतो," म्हणाले. राग आला, पण नीट पाहिले तर खरेच होते. डोंगर पोपटी आणि रस्ता काळा कुळकुळीत, त्यात आगगाडीच्या दुप्पट रुंद.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुले. आमच्यातल्या दोघी ते पाहून आल्या आणि मग आम्ही मापाला बसलो. या गाड्यांचे सर्वांत चालते माप १:८७, म्हणजे खरी वस्तू ८७ पटींनी लहान करायची. पाच फुटांची बाई पाऊण इंचही भरत नाही. बारा फुटी गावरस्ता जेमतेम सव्वाचार सेंटीमीटर. आम्ही दहा दिला होता! १८६५ मध्ये सुरू झालेल्या या घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ इंच पुढे गेल्यावर रूळ १ इंच वर चढवले की तो टेबलावर जसाच्या तसा येतो. एहेगावचा उंच पूल मात्र मापात केला तर दोन फूट होत होता, म्हणून आम्ही तो बुटका केला. एवढी सूट घ्यावीच लागते.

रस्ता सुधारला तो आमच्या गटातल्या आजींनी. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तोवर आम्ही त्यांना फक्त वाळू चाळायला बसवायचो. त्या म्हणाल्या, "अगं, रस्ता मधे उंच असतो. पाटासारखा सपाट केला तर पाणी कुठं जाईल?" मग पुठ्ठ्याच्या पट्टीखाली मधोमध सुतळी चिकटवली, पट्टी दोन्ही कडांना उतरती झाली. वर फेविकॉल लावून पिठाच्या चाळणीने चाळलेली बारीक वाळू भुरभुरली. रंग काळा नाही, राखाडी द्यायचा, कारण उन्हापावसात डांबर विटते. चाकांच्या वाटा थोड्या फिक्या, मधे एखादे गडद ठिगळ, आणि कडेला तांबूस मुरमाची पट्टी. कड सरळ कापायची नाही, हाताने कुरतडायची. खड्डे किती, यावर वाद झाला. आजी म्हणाल्या, आपल्या रस्त्यावर आहेत तेवढे.

डोंगराला चिखल चालत नाही. वजन वाढते, आणि रुळांतून वीज जाते म्हणून ओल नको. जाळीवर वर्तमानपत्राच्या लगद्याचे थर द्या, पूर्ण वाळल्यावरच रूळ टाका. सह्याद्रीचा दगड थराथरांचा असतो, तेव्हा लगदा ओला असतानाच सुरीने आडव्या रेघा ओढा. गवतासाठी लाकडाचा भुसा रंगवायचा, पण एकाच हिरव्यात नको. दोन हिरवे आणि एक वाळका पिवळा मिसळा. झाडांना तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या छान दिसतात. रुळांखालची खडी आधी कोरडी पसरा, मग पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो खडीत मुरतो, नाही तर वरच गोळे होतात. रुळांना लागलेला फेविकॉल लगेच पुसा, नाही तर गाडी तिथेच थांबते.

दुसरा नमुना शाळेने ठेवून घेतला आणि ठरलेले पैसे दिले. हिशेबाच्या वहीत आजींच्या नावापुढे आम्ही 'वाळू चाळणे, अर्धी मजुरी' असे लिहीत होतो. आता 'रस्ता' लिहितो, मजुरी सगळ्यांइतकी.