मिठाबरोबर साखर

वैशाखात लोणच्यासाठी कैरीच्या फोडी करून त्यांना मीठ चोळून ठेवतात. काही वेळाने पाहावे, तो पातेल्यात पाणी सुटलेले! हे पाणी आले कोठून? शाळेत मी हा प्रश्न दरवर्षी विचारीत असे, आणि ‘मिठाने पाणी ओढले’ हे उत्तर हमखास येई. उत्तर चुकीचे नव्हे. पण ते अर्धेच आहे.

कैरी काय, आपले शरीर काय, असंख्य पेशींचे बनलेले असते. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे लिहून ठेवले. त्याला त्यात चिमुकल्या कोठड्या दिसल्या. त्या रिकाम्या होत्या, कारण बूच ही झाडाची मेलेली साल. जिवंत पेशी मात्र पाण्याने व क्षारांनी भरलेली असते आणि तिच्याभोवती पटल असते. हे पटल इतके पातळ, की अशी दहा हजार पटले एकावर एक रचावीत तेव्हा कोठे एका कागदाची जाडी भरावी.

या पटलातून पाणी सहज ये-जा करते. मिठाला तशी मोकळीक नसते. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूस पाणी जाते. यालाच परासरण म्हणतात. बेदाणे पाण्यात फुगतात, तेही याच नियमाने.

मग मीठ पेशीत शिरतच नाही काय? शिरते, परंतु त्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. आपल्या आतड्यातील एका दाराची रीत मोठी गमतीची आहे. मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही साखर जोडीने आली, तरच तेथे प्रवेश मिळतो. ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. ही जोडी आत गेली, की पाणीही तिच्यामागोमाग जाते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावात पटकीची साथ पसरली. पटकीत आतड्यातून पाणी व क्षार सारखे बाहेर वाहतात आणि रोगी काही तासांत कोरडा पडतो. शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेना. नुसते पाणी पाजावे, तर आतडे ते पुरेसे शोषून घेईना. परंतु साखर-मिठाचे ते दार पटकीतही उघडे राहते! डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवविले. नातेवाईकच रोग्यांना ते पेल्यापेल्याने पाजू लागले. शेकडा ३० च्या घरात गेलेले मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले.

औषधांच्या दुकानात मिळणारी ओ. आर. एस. ची पुडी ती हीच कल्पना. म्हणून ते पाणी किंचित गोड, किंचित खारट लागते. मात्र पुडीवर लिहिलेले पाण्याचे माप पाळावे लागते. कमी पाण्यात ती कालवली, तर मिश्रण दाट होते, आणि कैरीच्या फोडींतून सुटावे तसे शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते.