‘दांडकं लावलंस का?’

रात्री साडेनऊला नाशिकहून बाबांचा फोन येतो. ‘जेवलीस का?’ हा दुसरा प्रश्न. पहिला ठरलेला, ‘दांडकं लावलंस का?’

दांडकं म्हणजे माझ्या गाडीचं स्टिअरिंग लॉक. दोन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड हॅचबॅक घेतली. गाडी सात वर्षांची आणि लोन तीन वर्षांचं. कोथरूडमध्ये भाड्याने राहणाऱ्याला सोसायटीत पार्किंग मिळत नाही, त्यामुळे गाडी गल्लीत. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गल्ली पाहिली, गाडी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला थेट नाना पेठेत नेलं. साडेआठशे रुपये मोजून पिवळाधमक, दोन फुटी लोखंडी दांडा घेतला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो पहिल्यांदा लावला, तेव्हा टीममधल्या एकाने विचारलं, ‘मॅडम, दांडपट्टा कुठे शिकलात?’ कळलंच असेल, पुढचे सहा महिने माझं काय झालं ते.

खरं सांगायचं तर मलाही तो प्रकार जरा बावळटच वाटायचा. त्यात आमच्या मेकॅनिकने आणखी हवा काढली. ‘ताई, लॉक कापत कोण बसतंय? स्टिअरिंगच कापतात.’ त्याचं बरोबर आहे. लॉक कडक स्टीलचं असतं, पण स्टिअरिंगची रिंग आतून बारीक धातूची आणि वरून फोम. करवतीने रिंगला एक छेद दिला आणि ती जरा वाकवली, की दांडा अलगद निघतो. स्वस्तातल्या लॉकची लिव्हर तर सराईत हाताला काहीच नाही. गाडी टो करून नेली तर दांडा नुसता आत बसून प्रवास करणार. आणि काच फोडून लॅपटॉप उचलणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणंच नाही.

मग मी लावायचे कशाला? बाबांसाठी. तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी खाली आले, तर शेजारच्या बिल्डिंगमधले काका रस्त्यावर छत्री धरून उभे. समोर रिकामी जागा. माझ्या गाडीच्या मागे रोज त्यांची गाडी असायची, नऊ वर्षांची, पण अशी पुसलेली की शोरूममधून आणल्यासारखी. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सीसीटीव्ही दाखवला. पहाटे ३ वाजून १० मिनिटं. रेनकोटवाला एक माणूस येतो, माझ्या गाडीच्या काचेवर मोबाइलचा टॉर्च मारतो. तीन सेकंद, फार तर चार. टॉर्च बंद. मग मागच्या गाडीवर.

ते फुटेज मी तीनदा पाहिलं. पहिल्यांदा ‘वाचले!’ असं वाटलं. दुसऱ्यांदा पाहताना काका बाजूला उभे होते. त्यांनी वळून विचारलं, ‘तुझं ते पिवळं कितीला मिळालं गं?’ हाच प्रश्न त्यांनी मार्चमध्येही विचारला होता. ‘दुकानाचं कार्ड देते काका’ म्हणाले होते मी. कार्ड माझ्या डॅशबोर्डमध्येच पडून होतं.

त्यानंतर मी या विषयाचं वाचायला लागले. माझी मैत्रीण म्हणते तसं, टेन्शन आलं की मी गूगल करते. या दांड्याचा बाप म्हणजे अमेरिकेतला ‘द क्लब’. पेनसिल्वेनियातल्या जिम विनर नावाच्या सेल्समनची कॅडिलॅक चोरीला गेली. कोरियात सैन्यात असताना जीपच्या स्टिअरिंगला साखळी बांधायचे, ते त्याला आठवलं आणि १९८६च्या सुमारास त्याने हे लॉक बाजारात आणलं. तुफान खपलं. पण ‘फ्रीकॉनॉमिक्स’वाला स्टीव्हन लेविट आणि इयन आयर्स यांनी १९९८मध्ये एक पेपर लिहिला, त्यातला मुद्दा मला थेट टोचला. त्यांचा अभ्यास होता लोजॅकवर. हा रेडिओ ट्रान्समीटर गाडीत लपवलेला असतो. तो कुठल्या गाडीत आहे हे चोराला कळत नाही, त्यामुळे सगळ्याच गाड्यांना हात लावायला तो घाबरतो. दिसणारं लॉक मात्र चोराला सांगतं, इथे नको, पुढच्या गाडीकडे जा.

पुढची गाडी काकांची होती.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. तिथे १९७१पासून नव्या गाड्यांना कंपनीनेच स्टिअरिंग कॉलम लॉक बसवणं सक्तीचं झालं. नव्या गाड्यांच्या चोऱ्या घटल्या आणि जुन्यांच्या वाढल्या. पश्चिम जर्मनीने मात्र १९६३पर्यंत जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांना ते बंधनकारक केलं होतं. तिथे एकूण चोऱ्याच कमी झाल्या. चोराला ‘पुढची गाडी’ उरलीच नाही.

बरं, आता चिपवाल्या किल्ल्या आल्यात, मग लोखंड कशाला? हा प्रश्न आमच्या ऑफिसमधल्या एका टेकीने अगदी तावातावाने विचारला. इमोबिलायझरमुळे जोडतारा करून गाडी चालू करणं संपलं, हे मान्य. पण कीलेस गाडीच्या चोराला घरातल्या किल्लीचा सिग्नल रिले करता येतो, ओबीडी पोर्टला यंत्र जोडून नवी किल्लीही बनवता येते. हे सगळं करून गाडी सुरू झाली तरी स्टिअरिंगमध्ये दांडा आहेच! त्याला लॅपटॉप चालत नाही, करवतच लागते. आणि करवत म्हणजे आवाज आणि वेळ, चोराला नको असलेल्या नेमक्या दोन गोष्टी. अमेरिकेत २०२२-२३मध्ये किया आणि ह्युंदाईच्या इमोबिलायझर नसलेल्या मॉडेल्सच्या चोऱ्यांची लाट आली. टिकटॉकवर त्याचे व्हिडिओ फिरत होते. तेव्हा कंपन्यांनी सॉफ्टवेअर अपडेटबरोबरच पोलिसांमार्फत फुकट काय वाटलं? स्टिअरिंग लॉक. टेकी गप्प. (तो हल्ली दांडपट्टा म्हणत नाही.)

म्हणून माझं मत विचाराल तर दांडा घ्याच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भडक रंगाचा घ्या, कारण त्याचं अर्धं काम काचेतून दिसणं हेच आहे. लावल्यावर स्टिअरिंग फिरवून बघा. दांडा डॅशबोर्डला किंवा दाराला अडला पाहिजे, नुसता लटकत असेल तर उपयोग नाही. आणि एक दिवस नाही लावला, तर चोर नेमका त्याच दिवशी येणार नाही, असं कुणीही लिहून दिलेलं नाही.

मात्र काकांचं खरं नुकसान दांड्यामुळे झालं नाही. गाडी जुनी झाली म्हणून त्यांनी फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स ठेवला होता. थर्ड पार्टीत चोरीचा एक रुपया मिळत नाही. एफआयआर झाला, पोलिसांच्या चकरा झाल्या, हातात शून्य. कॉम्प्रिहेन्सिव्ह असता तर आयडीव्हीइतके पैसे आले असते. तेही पूर्ण किमतीचे नाहीत म्हणा. चार-पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही साधारण निम्म्यावर येते, पाच वर्षांनंतर ती कंपनीशी बोलून ठरते. क्लेमच्या वेळी दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागतात, तेव्हा दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच बघा. एआरएआयची मान्यता असलेलं अँटी-थेफ्ट डिव्हाइस बसवलं, तर ओन डॅमेज प्रीमियममध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये सूट असते. हो, तीच एआरएआय, जिच्या टेकडीवर आपण रविवारी फिरायला जातो. नाना पेठेतल्या दांड्याला ती सूट नाही, मी विचारून आले.

दिवाळीत काकांनी पुन्हा सेकंडहँड गाडी घेतली. शनिवारी मी त्यांना स्वतः नाना पेठेत घेऊन गेले. त्यांनी लाल घेतला, ‘तुझ्यासारखा पिवळा नको’ म्हणाले. घासाघीस करून सातशेला पटवला, वर चहाही दुकानदाराकडूनच.

आता आमच्या गल्लीत रात्री चार गाड्या असतात. तिघींच्या स्टिअरिंगला दांडा दिसतो. चौथी समोरच्या नव्या भाडेकरूंची आहे, तिला नाही. त्यांच्याशी अजून ओळख झालेली नाही. काल रात्री बाबांचा फोन ठेवला, खाली उतरले आणि दुकानाचं कार्ड त्यांच्या वायपरखाली अडकवून आले.