सागरबेटावरील ओवऱ्या

नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करून कोळीबांधव होड्या पाण्यात लोटतात, तेव्हा आपल्या मनात मासळीचा हंगाम असतो. परंतु याच पश्चिम समुद्राने प्राचीन काळी मालाबरोबर धर्मपुरुषांचीही ने-आण केली, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मस नामक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ बंदरी ख्रिस्ती मंडळी असून त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो, असे लिहून ठेविले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले खाडीकाठचे कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात.

ज्या पौर्वात्य ख्रिस्ती पंथाचा हा बिशप, त्याच पंथाचा एक मठ अबू धाबीच्या पश्चिमेकडील सर बनी यास बेटावर भूमीतून वर आला आहे. शेख झायेद यांच्या प्रेरणेने १९९२ साली तेथे पुरातत्त्वीय पाहणी सुरू झाली. प्रथम हाती लागली ती केवळ जुन्या घरांची जोती. पुढे गिलाव्यावर कोरलेले क्रूस आणि द्राक्षवेलींची नक्षी सापडली, तेव्हा कोठे हे तपस्व्यांचे वसतिस्थान होते हे उमगले. मध्यभागी पूर्वाभिमुख प्रार्थनागृह, सभोवार आपल्या देवळांतील ओवऱ्यांसारख्या मठवासीयांच्या खोल्या, आणि या वसाहतीपासून थोड्या अंतरावर अंगण असलेली काही स्वतंत्र घरे, अशी तेथील रचना आहे. ज्येष्ठ साधक या घरांतून एकांतवास करीत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. आधी मठात सर्वांसमवेत राहावे, आणि मन स्थिर झाल्यावरच एकांताची वाट धरावी, हा क्रम आपल्याकडील मठपरंपरा जाणणाऱ्यास अपरिचित वाटू नये.

या उत्खननातील खरा लक्षणीय भाग मात्र कालनिर्णयाचा आहे. आरंभी हा मठ इ.स. ६००च्या सुमाराचा, म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वीचा मानला गेला. पुढे तेथील खापरांचा बारकाईने अभ्यास झाला आणि मठाचा काळ सातव्या शतकाचा उत्तरार्ध ते आठव्या शतकाचा मध्य असा ठरला. म्हणजे अरबस्तानात नवा धर्म प्रस्थापित झाल्यावरही येथे क्रूसापुढे प्रार्थना चालूच होती! ‘नवा धर्म आला आणि जुना तत्काळ लयास गेला’ हे सुलभ कथानक या खापराच्या तुकड्यांनी खोटे पाडले. वास्तूवर जाळपोळीच्या वा विध्वंसाच्या खुणा नाहीत. मठवासी शांतपणे निघून गेले. त्या पंथाचे धर्मप्रमुख तिसरे ईशोयाब यांनी सातव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या पत्रात तर उलटच खेद केला आहे. ओमानच्या ख्रिस्ती जनांनी तलवारीच्या धाकाने नव्हे, तर अर्धी मालमत्ता वाचविण्यासाठी श्रद्धा सोडली, आणि अरब तर आमच्या मठांचा मान राखतात, असे ते लिहितात. धर्म बाहेरच्या घावापेक्षा आतल्या हिशेबाने अधिक खचतो, ही त्या वृद्ध धर्मगुरूची व्यथा आजही वाचवत नाही.

अशा वास्तू आणखीही आहेत. उम्म अल् कुवैन येथील सिनिया बेटावर सापडलेल्या मठाची घोषणा २०२२ साली झाली. कार्बन-परीक्षेने त्याचा काळ इ.स. ५३४ ते ६५६ च्या दरम्यानचा ठरला असून तेथे दीक्षास्नानाचे कुंड व प्रसादाची भाकर भाजण्याची भट्टीही मिळाली. शेजारीच मोती वेचणाऱ्यांचे प्राचीन गाव होते.

सर बनी यासचा मठ २०१० पासून प्रवाशांना पाहता येतो. नोकरीनिमित्त अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी सवड काढून एकवार तेथे जावे. २०२५च्या जानेवारीत तेथे पुन्हा खोदकाम झाले, आणि अंगणाच्या एका घरात सुमारे २७ सेंटिमीटर लांबीचा गिलाव्याचा क्रूस मिळाला. त्याच्या पायथ्याशी पायऱ्यांची टेकडी कोरलेली असून तिच्यातून पालवी फुटलेली दाखविली आहे.