दोन ऑगस्टपूर्वीचे कुवेत

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मांद्रे, मोरजी, हरमल ही गावे नारळ, काजू, भातशेती आणि मासेमारीवर जगणारी. पर्यटनाचा पैसा किनाऱ्यावर येण्याआधी घरातला एखादा मुलगा नोकरीसाठी बाहेर पडे. आधी मुंबईला, आणि तिथून संधी मिळाली तर आखातात. आखाती देशांपैकी कुवेतच्या आठवणींना मात्र एक तारीख चिकटलेली आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने त्या देशावर आक्रमण केले. त्याआधी तिथे राहिलेल्या गोमंतकीयांना आठवते ते कुवेत आज नकाशावर आहे, पण तसे राहिलेले नाही.

भारताशी कुवेतचा संबंध तेलाहून जुना. मुंबईहून बसऱ्याकडे जाणाऱ्या आगबोटी कुवेतला थांबत आणि तिथल्या बाजारात भारतीय रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ च्या एप्रिलमध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला आणि जूनमध्ये ब्रिटनच्या संरक्षणातून तो देश मोकळा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवाही पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला.

बुर्गानच्या वाळवंटात १९३८ मध्ये तेल सापडले होते. निर्यात सुरू झाली १९४६ मध्ये. कुवेत ऑइल कंपनीला कारकून, तंत्रज्ञ, आचारी अशी माणसे हवी होती आणि ती भारतातून जाऊ लागली. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले, तशी बांधकामे वाढली आणि वाहनचालक, सुतार, वीजतंत्री, परिचारिका यांनाही मागणी आली. १९९० पर्यंत तिथल्या भारतीयांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास पोचली होती.

त्या काळातील रोजचे जगणे काटकसरीचे होते. एका खोलीत चार-सहा जण, पाळीपाळीने स्वयंपाक, नाक्यावरच्या ‘बकाल्या’तून, म्हणजे किराणा दुकानातून, उधारीवर सामान आणि भट्टीतून निघालेली गरम ‘खुबूस’ रोटी. शुक्रवार सुट्टीचा, म्हणजे कपडे धुण्याचा आणि पत्रे लिहिण्याचा. घरून निघालेल्या पत्राला पोचायला कित्येक दिवस लागत, म्हणून बोलणे कॅसेटवर भरून सुट्टीला जाणाऱ्या माणसाबरोबर धाडले जाई. आक्रमणाच्या सुमारास एका दिनारचे साधारण साठ रुपये होत. घर शाकारण्यापासून बहिणीच्या लग्नापर्यंतचे हिशेब त्या दरावर बसत. व्हिसाला जामीन राहणारा कुवेती ‘कफील’ आणि राहण्याचा परवाना म्हणजे ‘अकामा’, या दोन गोष्टींवर सगळा मुक्काम अवलंबून असे. शेजारी, मुकादम, शिक्षक पुष्कळदा पॅलेस्टिनी असत. पॅलेस्टिनींची वस्ती तेव्हा चार लाखांच्या घरात होती आणि हवल्ली भागात ती विशेष दाट होती.

आक्रमण झाले तो गुरुवार होता. शाळांना उन्हाळी सुट्टी असल्याने अनेक भारतीय कुटुंबे गावी आलेली होती. त्यांचे सामान, बँकेतले पैसे आणि थकलेला पगार तिथेच अडकला. मागे राहिलेल्यांना पाव, पाणी आणि पेट्रोल यांच्या रांगा लागलेल्या दिसल्या. महिनाअखेरीस इराकने कुवेत हा आपला एकोणिसावा प्रांत असल्याचे जाहीर केले. त्याआधी कुवेती दिनारची किंमत कमी दराच्या इराकी दिनाराइतकी ठरवण्यात आली होती. साठवलेला पैसा एका फटक्यात उतरला.

परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन इराकचे अध्यक्ष सद्दाम हुसेन यांची भेट घेतली आणि भारतीयांना बाहेर काढण्याची वाट मोकळी झाली. बहुतेक जण बसने बसरा आणि बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोचले. तिथल्या वाळवंटी छावण्यांत पाण्याचे हाल होते. पुढे अम्मानहून मुंबई. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ उड्डाणांतून एक लाखाहून अधिक माणसे परत आली. त्या वर्षी चवथ ऑगस्टमध्येच होती. किनाऱ्यावरच्या घरांत गणपती आले तेव्हा कुवेतमधल्या कित्येकांचा ठावठिकाणा घरी कळलेला नव्हता. मुंबईला उतरलेल्यांपैकी अनेकांना पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागला, कारण कोकण रेल्वे अजून झालेली नव्हती.

फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेत मुक्त झाले. माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबरात विझली. लुटलेल्या नोटांचा वापर रोखण्यासाठी दिनारची जुनी मालिकाच रद्द झाली. परत गेलेल्यांना व्हिसा, अकामा, नोकरी सगळे नव्याने उभे करावे लागले. पॅलेस्टिनी नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतल्याचा राग त्या समाजावर निघाला आणि त्यांची वस्ती पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली. त्यांच्या जागी इजिप्त, बांगलादेश आणि भारतातून माणसे आली. आज तिथल्या परदेशी समाजांत भारतीय सर्वांत मोठे आहेत.

नुकसानीचा हिशेब दीर्घकाळ चालला. संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलविक्रीतून दावे फेडले. देश सोडावा लागलेल्या एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच हजार, ही मूळ रक्कम होती. इतर प्रकारचा दावा न करणाऱ्यांना ती वाढवून मिळाली. पगार, सामान, बँकेतील ठेवी यांसाठी वेगळे अर्ज होते आणि त्यांना कागद लागत. ज्यांनी पळताना पासपोर्ट आणि पगाराच्या पावत्या जपल्या, त्यांचे काम सोपे झाले. आयोगाने शेवटचा हप्ता २०२२ मध्ये दिला. एकूण रक्कम ५२ अब्ज डॉलरच्या वर गेली.

२०१६ मध्ये ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी चित्रपट आला आणि या सुटकेची चर्चा पुन्हा झाली. चित्रपटाचा भर एका धाडसी उद्योजकावर होता. गावोगावच्या आठवणींत मात्र भाड्याची खोली, पॅलेस्टिनी शेजारी आणि दिनारचा जुना दर यांनाही तेवढीच जागा आहे. युद्धाच्या इतिहासात न येणारा हा तपशील आता सत्तरीकडे झुकलेल्या पिढीकडेच आहे आणि तो नोंदवायला फार वर्षे उरलेली नाहीत.