उसळीचे रसायन

डिसेंबर १९१५. आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कूट गावात ब्रिटिशांच्या हिंदी लष्कराची सहावी, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शिधा आटत गेला, घोडे आणि खेचरे कापायची वेळ आली. अनेक हिंदी सैनिकांनी ते मांस खायला नकार दिला. ताजी भाजी जवळपास नव्हतीच. मग स्कर्व्हीने गाठले. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या आजारात हिरड्या सुजून रक्त येते, सांधे धरतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजन शरण गेली.

ताजी भाजी पोहोचत नाही तिथे सैनिकाला काय खायला द्यायचे, या प्रश्नाच्या मागे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी लागल्या. त्यांनी प्रयोगासाठी गिनिपिग वापरले, कारण माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. कोरड्या कडधान्याने त्यांचा स्कर्व्ही टळेना. तेच दाणे भिजवून, मोड आणून दिले तेव्हा मात्र टळला. चिक आणि एलेन डेल्फ यांनी हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. क जीवनसत्त्वाची रासायनिक ओळख पटायला त्यानंतर १९३२ साल उजाडावे लागले.

मटकीला मोड आणणे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही संध्याकाळी सात वाजता कामावरून परतलेल्या माणसाला ‘झटपट काय करू?’ असा प्रश्न पडला की हात नूडल्सच्या पाकिटाकडे जातो. नूडल्स दोन-तीन मिनिटांत होतात, कारण त्या कारखान्यात आधीच वाफवून, बहुधा तळून आलेल्या असतात. मोड आलेली मटकी दहा-बारा मिनिटांत शिजते, कारण निम्मे काम दाण्याने रात्रीतून स्वतःच उरकलेले असते. वेळ दोन्हीकडे वाचतो. ताटात काय पडते, यात मात्र फार फरक आहे.

रात्रीत काय घडते?

कडधान्याचा दाणा म्हणजे पुढच्या रोपासाठी भरून ठेवलेली कोठी. तिच्यात पिष्ट असते, प्रथिने असतात, लोह आणि जस्तासारखी खनिजे असतात. फॉस्फरसचा साठा फायटिक आम्लाच्या रूपात असतो. हे आम्ल लोह आणि जस्ताला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या मटकीत आठेक मिलिग्रॅम लोह असले, तरी त्यातले बरेचसे आतड्यातून तसेच पुढे निघून जाते.

दाण्यात पाणी शिरले की विकरे कामाला लागतात. त्यांतले फायटेज हे विकर फायटिक आम्ल तोडू लागते आणि अडकलेली खनिजे मोकळी होऊ लागतात. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. म्हणून त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोटात गॅस धरतो. मोड फुटताना रोप या शर्करा स्वतःच इंधन म्हणून वापरते, काही भाग भिजवलेल्या पाण्यात उतरतो. म्हणून भिजवलेले पाणी ओतून द्यावे. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही याच काळात तयार होते.

त्यासाठी करायचे ते थोडकेच. मटकी किंवा मूग रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत. आठ-दहा तासांनी उपसून, धुऊन, ओल्या फडक्यात सैलसर बांधावेत. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड दिसतात, थंडीत पुरता दिवस किंवा जास्तही लागतो. मोड लांबच लांब होण्याची वाट पाहायची गरज नाही. फ्रिजमध्ये त्यांची वाढ मंदावते, म्हणून एकदा आणलेले मोड दोन-तीन दिवस पुरवता येतात.

झाकणावरचे पाणी, कुकरची शिट्टी

मटकीला कुकर लागत नाही. फोडणीवर मोड परतून, थोडे पाणी घालून वर झाकण ठेवायचे आणि झाकणावर पाणी ओतायचे. खालून आलेली वाफ या तुलनेने गार झाकणाला लागून पुन्हा पाणी होते आणि पातेल्यात ठिबकते. उसळ करपत नाही, वासही बराचसा आतच राहतो. पाणी कमी पडले तर झाकणावरचे गरम पाणीच आत घालायचे. गार पाणी घातले की तापमान उतरते आणि शिजणे रेंगाळते.

आमसूल, चिंच किंवा टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच घालावेत. दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात. उष्णतेने पेक्टिन विरघळले की दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात ते सहज विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमही त्याला अधिक घट्ट करते, म्हणून काही गावांत डाळ शिजता शिजत नाही. चिमूटभर सोडा टाकला तर दाणे पटकन गळतात, पण ब१ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होते. त्यापेक्षा दोन तास जास्त भिजवलेले बरे.

छोले, राजमा आणि सुके वाटाणे यांना मात्र कुकरच हवा. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन याने १६७९ मध्ये बंद भांड्यात वाफ कोंडून हाडेही मऊ करून दाखवली. आपला कुकर त्याच तत्त्वावर चालतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. कुकरमध्ये दाब वाढल्याने तापमान १२० अंशांजवळ पोहोचते आणि शिजण्याचा वेळ एक तृतीयांशाच्या आसपास येतो. शिट्टी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर पडल्याची खूण. तेव्हा शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घड्याळ पाहावे. आच मोठी ठेवल्याने आतले तापमान वाढत नाही, गॅस मात्र जास्त जळतो.

राजम्याच्या बाबतीत हयगय नको. कच्च्या राजम्यातील एका लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. ते नष्ट व्हायला नीट उकळी लागते. नुसत्या कोमट आचेवर राजमा तासन्‌तास ठेवून भागत नाही.

लिंबू घ्या, चहा थांबवा

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे, पुरुषाला १९. इतक्या लोहाची शिफारस करावी लागते, कारण धान्य-भाज्यांतील लोहाचा अगदी थोडा वाटा रक्तात पोहोचतो. हा वाटा वाढवणे स्वयंपाकघराच्या हातात आहे.

क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात सहज शोषल्या जाणाऱ्या रूपात आणते आणि विरघळलेले ठेवते. मोडांतले क जीवनसत्त्व शिजवताना काही प्रमाणात जाते, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर, ताटात पिळावे. चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये याच्या उलट वागतात, लोहाला बांधून टाकतात. पोह्यांवर लिंबू पिळायचे आणि लगेच कपभर चहा प्यायचा, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. रक्तक्षयामागे पाळीतील रक्तस्राव, जंत, ब१२ ची कमतरता अशी इतर कारणेही असतात. उसळ हे त्यावरचे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात.

उसळीबरोबर भाकरी किंवा पोळी असली की प्रथिनांचा हिशेबही जुळतो. ज्वारी, बाजरी, गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात मेथिओनिन कमी असते, ती उणीव धान्य भरून काढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दिवसाला २,००० किलोकॅलरींच्या शाकाहारी आहारात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवली आहेत आणि अर्धे ताट भाज्या-फळांनी भरायला सांगितले आहे. आपल्या घरच्या वाटीभर पातळ वरणात डाळ नेमकी किती असते, हे एकदा वजनकाट्यावर पाहून घ्यावे. शिजवल्यावर उरलेले पाणी, म्हणजे कट, ओतून देऊ नये; त्यात ब गटातील जीवनसत्त्वे उतरलेली असतात. त्याचे सार किंवा आमटी करता येते.

कच्चे की शिजलेले?

कच्च्या मोडांची कोशिंबीर पौष्टिक समजली जाते, पण ओले, उबदार फडके मोडांइतकेच जिवाणूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. जवळपास ४,००० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. माग काढताना तपास कच्च्या खाल्लेल्या मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड वाफवून किंवा शिजवूनच द्यावेत. फडके रोज धुवावे आणि उन्हात वाळवावे. बुळबुळीत झालेले किंवा वास मारणारे मोड सरळ टाकून द्यावेत.

या सगळ्यात महागडे काही नाही आणि पाककौशल्य लागावे असेही काही नाही. दाणे निवडून भिजत घालणे आठ वर्षांच्या मुलाला जमते, घरातल्या पुरुषांना तर नक्कीच जमते. आठवड्यातून दोनदा, रात्री सर्वांत शेवटी स्वयंपाकघराचा दिवा मालवणाऱ्याने वाटीभर मटकी, मूग किंवा चवळी भिजत घालावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला मोड दिसतील, नाहीतर तिसऱ्या दिवशी दिसतील. तेवढे केले, तर उद्या-परवाच्या जेवणाची निम्मी तयारी झाली असे समजावे.