दशावताराच्या उजेडात ६डी

कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळांना उसंत राहत नाही. पालखी प्रदक्षिणा घालून देवळात गेली की मध्यरात्रीच्या सुमारास मृदंगावर थाप पडते. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार होतो, मग आख्यान लागते आणि उजाडता उजाडता दहीकाला होतो. लिखित संहिता नसते. संवाद नट तिथल्या तिथे रचतात, त्यामुळे पुढच्या क्षणी कोण कुठे वळेल हे फोटो काढणाऱ्याला आधी कळायची सोय नाही. रंगमंचावर मागे एक पडदा, मध्ये एक बाकडे, वर दोन-चार ट्यूबलाइट आणि अलीकडे कडेला रंगीत एलईडी दिवे. एवढ्या उजेडात सगळे काम.

हे काम मी बरीच वर्षे कॅनन ईओएस ६डी या कॅमेऱ्यावर करतो आहे. डीएसएलआरचे दिवस सरत आले असताना या जुन्या कॅमेऱ्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण तो आता सेकंडहँड बाजारात अनेकांच्या आवाक्यात आला आहे आणि घ्यावा की नाही हे तरुण मुले सारखी विचारतात.

फुल-फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. स्वस्त डीएसएलआरमधल्या सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ अडीचपट भरते. एवढा मोठा सेन्सर महाग पडतो. कॅननचा २००२चा १डीएस मोठ्या व्यावसायिकांसाठीच होता, आणि २००५मध्ये आलेल्या ५डीची किंमतही अमेरिकेत ३,२९९ डॉलर होती. सप्टेंबर २०१२मध्ये निकॉनने डी६०० आणि कॅननने ६डी काही दिवसांच्या अंतराने जाहीर केले, दोन्ही २,१०० डॉलरच्या घरात. सामान्य फोटोग्राफरसाठी फुल-फ्रेमचे दार खऱ्या अर्थाने तिथे उघडले.

किंमत उतरवायची तर कुठेतरी हात आखडावा लागतो. ६डीच्या बाबतीत कॅननने तो सेन्सरवर आखडला नाही, फोकसवर आखडला. या कॅमेऱ्याचे सगळे गुणदोष त्या एका निर्णयातून आले आहेत.

आधी सेन्सर. तो २०.२ मेगापिक्सेलचा. आकडा आज लहान वाटेल, पण मोठ्या सेन्सरवर पिक्सेल कमी म्हणजे प्रत्येक पिक्सेल मोठा, आणि मोठा पिक्सेल जास्त उजेड गोळा करतो. मंडपात एफ २ ला लेन्स उघडून, १/१०० शटरवर, आयएसओ ३२०० किंवा ६४०० लागतोच. ६४००ला या कॅमेऱ्यातून दाणा येतो, पण तो बारीक आणि एकसारखा असतो. चेहऱ्यावरच्या रंगाचा पोत, कपाळावरच्या गंधाची कड, घामाने फुटलेली पावडर, हे सगळे टिकते. १२,८००लाही छापण्याजोगे काहीतरी हाताशी लागते. दशावतारी नट स्वतःची रंगभूषा स्वतः करतो. त्याच्या हातचे ते काम फोटोत धुऊन निघणार असेल तर फोटो काढून उपयोग काय? फ्लॅश मारला की नेमके तेच होते, रंगवलेला चेहरा सपाट पडतो आणि मागचा पडदा काळा होतो. ६डीला अंगचा फ्लॅश नाही. कागदावर ही उणीव असेल, मला तिने कधी अडवले नाही.

आता फोकस. कॅमेऱ्यात फोकसचे ११ बिंदू आहेत आणि त्यातला क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, फक्त मधला एक. त्याच काळातल्या डी६००मध्ये ३९ बिंदू होते, त्यामुळे ६डीवर टीका झाली आणि ती रास्त होती. बाकीचे दहा बिंदू मध्याभोवती हिऱ्याच्या आकारात गोळा झालेले आहेत, चौकटीच्या कडांपर्यंत पोचतच नाहीत. भर उजेडात ते चालतात. मंडपात चाचपडतात, लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि क्षण निघून जातो.

पण तो मधला बिंदू! कॅननने त्याची क्षमता उणे ३ ईव्ही सांगितली आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड त्याला पुरतो. अनुभवही तसाच आहे. रंगपटात एकाच बल्बखाली नट मांडी घालून बसलेला असतो, पेटाऱ्याच्या झाकणाला आरसा टेकवलेला, चेहऱ्याची अर्धी बाजू काळोखात. अशा वेळी डोळ्यातल्या काजळाच्या कडेवर तो बिंदू ठेवला की फोकस चटकन बसतो. त्या काळातले याहून महाग कॅमेरेही इतक्या काळोखात अडखळत.

म्हणून ६डीवर काम करायची एक पद्धत अंगवळणी पाडावी लागते. मागच्या एएफ-ऑन बटणाने मधल्या बिंदूवर फोकस घ्यायचा, अंगठा उचलायचा, कॅमेरा हलवून चौकट जुळवायची आणि मग शटर दाबायचे. याची किंमत मोजावी लागते. ८५ मिमीची लेन्स एफ १.८ला तीन मीटरवर वापरली तर समोर-मागे मिळून जेमतेम १३ सेंटिमीटर स्पष्ट दिसते. कॅमेरा वळवला की फोकसची पातळी किंचित मागे सरकते, तेवढ्यात नटही झुकतो, आणि डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो. मी अशा वेळी एफ २.५च्या आसपास थांबतो आणि चौकट थोडी सैल ठेवतो. नंतर कडा कापता येतात, निसटलेला फोकस परत आणता येत नाही.

युद्धनृत्याची गोष्ट वेगळी. दोन योद्धे तलवारी परजत गिरक्या घेतात, मृदंग चढत जातो. ६डी सेकंदाला साडेचार फोटो काढतो, आणि त्या वेगाने तलवार पकडू पाहणे व्यर्थ आहे. त्यात ट्यूबलाइटची अडचण. आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक फोटोत उजेड सारखा येतो. १/२५०ला गेलो की एक फोटो उजळ, दुसरा मळकट. हे मिणमिणणे ओळखून शटर सोडायची सोय कॅननने २०१४च्या ७डी मार्क २मध्ये दिली, ६डीमध्ये ती नाही. मग १/१००वर राहूनच काम भागवायचे. आणि ते भागते, कारण दशावतारी नट गिरकीच्या शेवटी ठेक्यावर क्षणभर थांबतो. पाय रोवलेला, मान ताठ, नजर प्रेक्षकांवर. त्या ठेक्याची वाट पाहायला कान लागतो. मृदंग नीट ऐकणाऱ्याला साडेचार फोटोंचीही गरज नसते, एक पुरतो.

एलईडी दिव्यांनी मात्र नवे दुखणे आणले आहे. भडक लाल उजेडात लाल रंग इतका भरून येतो की चेहऱ्यावर नुसता डाग उरतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवून रॉ फाइलमध्ये काढणे एवढाच उपाय. यावरून ६डीची दुसरी खरी कमजोरी सांगायला हवी. कमी आयएसओवर काढलेल्या फोटोतला काळोख संगणकावर उजळवायला गेलो तर त्यात खरखर येते, कधी कधी फिकट पट्टेही. दुपारी देवळाच्या आतून सभामंडप आणि बाहेरचे ऊन एकाच चौकटीत घ्यायचे असेल तर हे फार जाणवते. या बाबतीत डी६००चा सेन्सर स्पष्टपणे सरस होता. आयएसओ वाढत गेला की हा फरक मिटत जातो, म्हणून रात्रीच्या कामात मला तो सलत नाही. निसर्गाचे, उन्हा-सावलीचे फोटो काढणाऱ्याला सलेल.

बाकीच्या उणिवा भराभर सांगतो. व्ह्यूफाइंडर मोठा आणि स्वच्छ आहे, पण ९७ टक्केच दाखवतो, तेव्हा स्पीकरचा स्टँड नंतर फोटोच्या कोपऱ्यात हजर होतो. शटरचा सर्वाधिक वेग १/४०००, त्यामुळे भर उन्हात एफ १.४ची लेन्स पूर्ण उघडता येत नाही. मागचा स्क्रीन जागचा हलत नाही. जीपीएस सुरू राहिला तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातो, तो पहिल्याच दिवशी बंद करून टाकावा.

मेमरी कार्डाची जागा एकच आहे, हे मात्र घाईत सांगून चालणार नाही. लग्नाचे काम घेणाऱ्याने या एका कारणासाठी ६डी टाळावा. मंगलाष्टका पुन्हा होत नाहीत, आणि कार्ड कुठल्याही कंपनीचे असो, कधीतरी दगा देतेच. डी६००मध्ये दोन कार्डांची सोय होती. त्याच्या सेन्सरवर तेल-धुळीचे डाग पडत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि निकॉनने वर्षभरात डी६१० आणला. तेव्हा निकॉनकडे वळायचे असेल तर डी६१० किंवा २०१४चा डी७५० पाहावा. डी७५०मध्ये फोकसचे ५१ बिंदू, वर-खाली झुकणारा स्क्रीन आणि दोन कार्डे आहेत. सगळ्या बाजूंनी तोलले तर तो ६डीपेक्षा सरस कॅमेरा आहे. खुद्द ६डी मार्क २ हा २०१७मध्ये आला. त्यात फोकसचे ४५ बिंदू, सर्व क्रॉस प्रकारचे, आणि फिरणारा स्क्रीन मिळाला, पण काळोख उजळवण्याची जुनी अडचण बऱ्यापैकी तशीच राहिली.

आणि दोन गोष्टी, ज्यांचे महत्त्व मला मंडपातच कळले. एक म्हणजे सायलेंट शटर. आवाज पूर्ण जात नाही, पण इतका मवाळ होतो की रंगपटात डोळे मिटून गणपतीचे नाव घेणाऱ्या नटाची तंद्री मोडत नाही. दुसरी वाय-फाय. कॅमेऱ्याची वरची बाजू प्लॅस्टिकची ठेवली आहे ती या लहरी आरपार जाव्यात म्हणून. कॅमेरा आला तेव्हा ही सोय अनेकांना शोभेची वाटली होती. रात्रभर द्रौपदी उभी केलेला ज्येष्ठ नट पहाटे रंग पुसता पुसता म्हणतो, ‘‘तेवढो फोटो माका धाड हां,’’ तेव्हा तिथेच, चहा येईपर्यंत, फोटो त्याच्या मोबाइलवर गेलेला असतो. फोटो ज्याचा त्याला त्याच दिवशी मिळणे मला फार मोलाचे वाटते. दशावतारी नटांचे असंख्य फोटो शहरात प्रदर्शनांतून लागले, त्यातले किती त्यांच्या घरी पोचले?

आता घेणाऱ्यांसाठी. लग्ने, क्रिकेट, पळणारी मुले, व्हिडिओ यातले काही तुमचे मुख्य काम असेल तर ६डी घेऊ नका, डी७५० किंवा एखादा मिररलेस शोधा. कीर्तन, भजन, नमन, दशावतार, प्रायोगिक नाटक, घरातल्या माणसांचे संध्याकाळचे चेहरे टिपायचे असतील तर जरूर घ्या. घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारा, कॅननने त्याचे आयुष्य एक लाख सांगितले आहे. सेन्सरवर ओरखडा नाही ना, कार्डाचा खाचा सैल नाही ना आणि मधला बिंदू अंधाऱ्या खोलीत फोकस घेतो ना, हे दुकानातच पाहा. बॉडीत वाचलेले पैसे ८५ मिमी एफ १.८ लेन्समध्ये घाला. उद्या कॅननचा मिररलेस घेतलात तरी कॅननच्या ॲडॉप्टरवर ही लेन्स चालेल. आणि फोटो काढलेत की त्याच रात्री मंडळाला पाठवा.